एडिनबरा, ऑगस्टमधला एकच दिवस: आण्णांना काय दाखवू?

मिरजेची लेक
आई-आण्णा सध्या ग्लासगोला आमच्याकडे आलेत. येत्या शनिवारी त्यांना एडिनबराच्या महोत्सवाला न्यायचंय, सकाळी निघून रात्री परत. महोत्सवाच्या जोडीने भरणाऱ्या फ्रिंजची यादी उघडली तर ३००० च्या वर कार्यक्रम! काय निवडावं तेच कळेना.

आण्णांना इंग्रजी येत नाही. मिरजेत सतारमेकर गल्लीत त्यांनी ४० वर्षं तंबोऱ्यांच्या जवाऱ्या काढल्या, म्हणजे घोडी घासून, तारांखाली सूत सरकवून सूर घुमता केला. गाणं ऐकलं ते दर्ग्याच्या उरुसात, मांडी घालून. आईचा गुडघा दुखतो. मी सकाळी ११ पासून रात्री ९ पर्यंत पाच कार्यक्रम धरलेत. जमेल ना?

लीथकर
ताई, पाच नको. दोन धर.

नऊ वर्षं इथे राहतोय, दर ऑगस्टला घरी पाहुणे असतात. फ्रिंजचे प्रयोग साधारण तासाभराचे, म्हणून कागदावर पाच बसतात. पण एका जागेहून दुसरीकडे जाताना रॉयल माइल, म्हणजे जुन्या शहरातला मुख्य रस्ता, ओलांडावी लागते, आणि ऑगस्टात तिथे पाऊल टाकायला जागा नसते. दर दहा पावलांवर कोणीतरी हातात पत्रक देतं, आपणही थांबतो. उशीर झाला की बहुतेक ठिकाणी आत घेत नाहीत. दोन कार्यक्रमांत निदान दीड तास सोड.

आईंच्या गुडघ्यासाठी: वेव्हर्ली स्टेशनातून वर येताना फ्लेशमार्केट क्लोजच्या पायऱ्या टाळा, कॉकबर्न स्ट्रीटच्या वळणाने या. चढ आहे, पण पायऱ्या नाहीत. बसायला आणि स्वच्छतागृहाला चेंबर्स स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय उत्तम. प्रवेश फुकट, लिफ्ट आहे. आणि शनिवारी दुपारी एकला किल्ल्यावरून तोफ सुटते, आईंना आधी सांगून ठेव. माझी सासू जाम दचकली होती.

षड्ज
फ्रिंज आणि आंतरराष्ट्रीय महोत्सव हे दोन वेगळे. दोन्ही १९४७ पासूनचे. मुख्य महोत्सवाचं आमंत्रण नसताना आठ नाटकमंडळ्या येऊन थडकल्या आणि आपापले प्रयोग करून गेल्या, त्याचीच पुढे फ्रिंज झाली. तुमच्या वडिलांसाठी मी मुख्य महोत्सवातली क्वीन्स हॉलची सकाळची ११ ची मैफल घेईन. जुनं चर्च आहे, वाद्यं जवळून ऐकू येतात. नॉर्थ ब्रिजवरून बस मिळते, कार्ड टेकवलं की झालं.

एक मात्र त्यांना समजावून सांगा. रचनेचे तीन-चार भाग असतात, मध्ये शांतता होते, तेव्हा टाळी द्यायची नाही. ‘वाहवा’ तर नाहीच. आपल्या माणसाला हे फार जड जातं.

दुसरा कार्यक्रम बिनशब्दांचा बघा, सर्कस किंवा नाच.

डबेवाली मावशी
स्वेटर घ्या गं. ऑगस्ट असला तरी १८-१९ अंश आणि वारा. दशम्या बांधून न्या, खायच्या रांगा मोठ्या असतात. फुकटच्या प्रयोगांना दाराशी बादली धरतात, तीत काहीतरी टाकावं, त्या पोरांचं पोट त्यावर असतं.

मिरजेची लेक
काल जाऊन आलो. सगळ्यांचे मनापासून आभार.

क्वीन्स हॉलला चार तंतुवाद्यांची मैफल होती. संथ भाग संपला तेव्हा आण्णांचा हात वर गेला होता, मी धरला. बाहेर आल्यावर म्हणाले, “इतकं चांगलं वाजवलं त्यांनी, आणि आपण सांगायचंही नाही?” मला उत्तर देता आलं नाही.

दुपारची सर्कस चुकली. आईला घेऊन गर्दीतून पोचेस्तोवर चार मिनिटं उशीर झाला, दार बंद. लीथकर, तुम्ही बजावलं होतं, तरी मी मध्ये एकच तास ठेवला होता. तिकिटांचे पैसे गेले आणि आईचा चेहरा बघवेना. तिला संग्रहालयात बसवलं, दशम्या दिल्या, आणि आण्णांना घेऊन रॉयल माइलवर आले.

सेंट जाइल्स चर्चच्या अलीकडे एक मुलगा बॅगपाइप सुरात मिळवत होता. वाजवत नव्हता अजून, नुसता मिळवत होता. खांद्यावरचे तीन लांब नळे असतात ना, त्यांची वरची कांडी किंचित वर-खाली सरकवायची. कांडी उचलली की सांध्याला गुंडाळलेलं सूत दिसायचं. आण्णा ते सूत बघून थबकले. जवारीत सूत घालून ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाला ते दिसणारच. डोळे मिटून उभे राहिले. मग बोटाने दाखवत मला म्हणाले, “हे दोन आखूड नळे म्हणजे जोड. तो लांब, तो खर्ज. पंचम नाही, एवढंच.” तंबोऱ्याच्या तारांची नावं ती: जोड म्हणजे एकाच सुरातल्या दोन तारा, खर्ज त्यांच्याखाली एक सप्तक.

घरी येऊन वाचलं. तसंच आहे. दोन नळे एकाच सुरात आणि तिसरा बरोबर एक सप्तक खाली. त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं.

मुलगा एक नळा सरकवत होता, सूर थरथरत होता. आण्णा पुटपुटले, “अजून… अजून… मिळाला.” त्याच क्षणी मुलाने हात काढला. मी धावत जाऊन त्याला सांगितलं की माझे वडील तंबोरे मिळवतात. त्याने मान लववून आण्णांना नमस्कार केला. नंतर पाऊण तास आम्ही तिथून हललो नाही. इथे मधे टाळी चालत होती, ‘वाहवा’सुद्धा.

आता दुसरा प्रश्न. एडिनबरात किंवा ग्लासगोत पाइप तयार करणाऱ्या कारागिराचं काम बघायला मिळेल का? आण्णा महिनाअखेरपर्यंत इथे आहेत. ते नळे आतून कसे कोरतात हे त्यांना बघायचंय, रात्री दोनदा विचारलं.