अनुभव धागा : ओएसिसचा 'डेफिनेटली मेबी' पुन्हा ऐकताना

ओएसिस या मँचेस्टरच्या रॉक बँडचा पहिला अल्बम 'डेफिनेटली मेबी' क्रिएशन रेकॉर्ड्सने २९ ऑगस्ट १९९४ रोजी प्रकाशित केला आणि पहिल्याच आठवड्यात तो ब्रिटनच्या यादीत अव्वल ठरला. तोवर त्या देशात कोणाचाही पहिला अल्बम इतक्या वेगाने खपला नव्हता. २०२४ मध्ये त्याची जी तिशीची आवृत्ती निघाली, तिच्यात बाद केलेली जुनी ध्वनिमुद्रणेही ऐकायला मिळतात. आपल्यापैकी अनेकांनी हा अल्बम कॉलेजात असताना कॅसेटवर ऐकला आणि नोकरी-संसारात तो मागे पडला. आता नव्याने ऐकताना त्या वेळी कानांतून निसटलेले काय सापडले, ते सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. एखादे गाणे किंवा त्यातली एखादी जागा धरून लिहिले, तर वाचणाऱ्यांनाही ती शोधता येईल.

पुणे, ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायातून

माझे लक्ष साहजिकच बाद झालेल्या फितींकडे गेले. १९९४ च्या सुरुवातीला वेल्समधील मॉनो व्हॅली स्टुडिओत डेव्ह बॅचलर यांच्या देखरेखीखाली पहिला प्रयत्न झाला, तेव्हा वाद्ये वेगवेगळी मुद्रित केली गेली. ती ध्वनिमुद्रणे आज ऐकली तर सूर आणि ताल जागच्या जागी आहेत, पण गाण्यांत जीव नाही. त्यातले 'स्लाइड अवे' तेवढे टिकले. मग कॉर्नवॉलमधील सॉमिल्स स्टुडिओत बँडचा ध्वनितंत्रज्ञ मार्क कॉइल याला बरोबर घेऊन सर्वांनी एका खोलीत एकत्र वाजवले आणि एकाच्या माइकमध्ये दुसऱ्याचा आवाज शिरला तर शिरू दिला. तरीही मनासारखे जमेना, म्हणून फिती निर्माता ओवेन मॉरिसकडे सोपवण्यात आल्या. गाणी लिहिणाऱ्या आणि गिटार वाजवणाऱ्या नोएल गॅलगरने गिटारींवर गिटारी चढवल्या होत्या. मॉरिसने त्यांतल्या बऱ्याच काढून टाकल्या आणि उरलेला आवाज असा दाबून मोठा केला की तो थेट छातीवर आदळावा. 'लिव्ह फॉरेव्हर'च्या आरंभी अकूस्टिक गिटार होती. ती त्याने छाटली, आणि नोएलच्या एकल वादनाचा उत्तरार्धही छाटला. आता ते गाणे शीळ आणि ड्रमच्या ठेक्यावर उघडते आणि नोएलचा धाकटा भाऊ, गायक लियम लगेच पहिल्या ओळीला भिडतो. ज्या बेफिकिरीवर आम्ही भाळलो होतो, ती इतक्या खटाटोपाने आणि इतके काही टाकून देऊन मिळवलेली आहे, हे दोन्ही रूपे पाठोपाठ ऐकल्यावर कळले, आणि अल्बमविषयीचा माझा आदर दुणावला.

मँचेस्टर, पेशाने डॉक्टर

नागपुरात शिकत असताना हा अल्बम मला फक्त उन्मादाचा वाटत असे. आज मी गॅलगर बंधू जेथे वाढले त्या बर्नेजपासून फार दूर राहत नाही. तेथे फॉग लेनवर 'सिफ्टर्स' हे जुन्या रेकॉर्डचे दुकान आहे. 'शेकरमेकर'मध्ये ज्या मिस्टर सिफ्टरचा उल्लेख येतो, तो याच दुकानावरून. हा परिसर पायांखालचा झाल्यावर 'रॉक अँड रोल स्टार' मला निराळेच ऐकू येऊ लागले. ते लिहिले गेले तेव्हा नोएलच्या वाट्याला कसलीही कीर्ती आली नव्हती. गाण्यातला माणूस शहराला विटलेला आहे आणि फक्त आजच्या रात्रीपुरता स्वतःला तारा म्हणवून घेतो आहे. 'सिगारेट्स अँड अल्कोहोल'मध्येही तोच प्रश्न आहे की राबण्याजोगे काही हाताशीच नसेल तर राबायचे कशासाठी. या बंधूंचे आईवडील आयर्लंडमधून आलेले, आई पेगी तर मेयो परगण्यातली. दुसऱ्या देशातून आलेल्या घरात वाढलेल्या मुलांचा हा ताठा मी आता रोज घरात पाहतो. माझी मुलगी आमच्याशी मराठीत बोलते आणि फोनवर मैत्रिणींशी अगदी लियमच्या धाटणीने स्वर ओढून बोलते. जुलै २०२५ मध्ये मँचेस्टरच्या हीटन पार्कमधील ओएसिसच्या कार्यक्रमाला आम्ही बरोबर गेलो होतो. तिच्या जन्माच्या कितीतरी आधीची ही गाणी तिला शब्दन् शब्द पाठ होती, आणि मला वाटते, तिला ती माझ्यापेक्षा नेमकी कळली होती.

मुंबई

मला मुखपृष्ठाविषयी लिहायचे आहे, कारण कॅसेटच्या इवल्याशा कागदावर त्यातले काहीच दिसत नसे. ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्ड-कॅसेटचे दुकान २०१६ मध्ये बंद झाले त्याआधी तेथेच मी ती कॅसेट घेतली होती. आता एलपी घेतली आणि ती खोली प्रथमच नीट पाहिली. ते घर रिदम गिटार वाजवणाऱ्या बोनहेडचे, वेस्ट डिड्सबरीतले. लियम लाकडी जमिनीवर उताणा पडला आहे, एका बाजूला संगीतकार बर्ट बॅकरॅकचे चित्र टेकवून ठेवले आहे, मँचेस्टर सिटीचा फुटबॉलपटू रॉडनी मार्श चित्रात दिसतो आणि खिडकीत मँचेस्टर युनायटेडच्या जॉर्ज बेस्टचे चित्र आहे. घरमालक युनायटेडचा चाहता आणि गॅलगर बंधू सिटीचे, म्हणजे शहरातले भांडणही त्या खोलीत हजर आहे. छायाचित्रकार मायकेल स्पेन्सर जोन्स यांनी कोणालाही मंचावर उभे केलेले नाही. इतका मोठा आवाज एका साध्या दिवाणखान्यातल्या पाच पोरांचा आहे, हे एलपी मांडीवर घेऊन ऐकताना सतत जाणवत राहते.

कोल्हापूर

मी थोडा वेगळा सूर लावतो. 'सिगारेट्स अँड अल्कोहोल'ची गिटार टी. रेक्स या जुन्या ब्रिटिश बँडकडून आलेली आहे, आणि 'शेकरमेकर'ची चाल कोका-कोलाच्या जाहिरातीतून गाजलेल्या गाण्याशी इतकी जुळते की प्रकरण कायद्यापर्यंत गेले. 'डिग्सीज डिनर' मला आजही भरतीचे वाटते. मात्र बँडचा तेव्हाचा ड्रमवादक टोनी मॅकॅरोल याच्या वादनाला जी नावे ठेवली गेली आणि १९९५ मध्ये त्याला ज्या प्रकारे बाहेर जावे लागले, ते मला मुळीच पटत नाही. 'सुपरसॉनिक'च्या आरंभीचा त्याचा सरळ, आडदांड ठेका ऐका. तेथे कसबी ड्रमवादक असता तर त्याने आणखी काहीतरी भरले असते आणि गाण्याचा तोरा गेला असता.

नाशिक

आमच्या घरी कॅसेट दादाची होती आणि 'स्लाइड अवे' आले की दार आतून लागत असे. ते प्रेमाच्या विजयाचे गाणे आहे असे मला तेव्हा वाटायचे. लग्नाला बरीच वर्षे झाल्यावर आता ऐकते, तेव्हा त्यात विजय कोठेच नाही. समोरची व्यक्ती येईल की नाही याची खात्री नसलेला माणूस तेच तेच मागणे पुन्हा मांडतो आहे, आणि शेवटाकडे लियमचा आवाज खरवडला जातो तो त्यामुळेच. त्याच्या लगेच नंतर 'मॅरिड विथ चिल्ड्रन' येते, ज्याचे ध्वनिमुद्रण कॉइलच्या घरी झाले होते. त्यात एकत्र राहून एकमेकांना वैतागलेली दोन माणसे आहेत आणि तक्रारी अगदी क्षुल्लक आहेत. कॅसेट असताना हे शेवटचे गाणे आम्ही बहुधा ऐकतच नसू, कारण दादा तेथे फीत मागे फिरवायचा. परवा त्याला फोन करून विचारले, तर तोही आता ते शेवटपर्यंत ऐकतो.