मदत हवी आहे: शनिवारी रांगोळीच्या थीमचा चीज बोर्ड (तातडीचं!)

झिपरी: शनिवारी संध्याकाळी दिवाळीसाठी लोक येतायत. फराळाच्या जोडीला चीज बोर्ड ठेवायचाय, रांगोळीसारखा. काल रंगीत तालीम केली. मधोमध ब्री (आतून मऊ असलेलं चीज), भोवती दुसऱ्या चीजच्या पाकळ्या, मग क्रॅकर्स, कडेला लाल-हिरवी द्राक्षं. तासाभरात ब्री पसरली, क्रॅकर्स सादळले. नवरा म्हणाला, "रांगोळीवर पाय कुणी दिला?" काय चुकलं? लवकर सांगा, उद्या खरेदी आहे.

खादाड_बोका: माणसं किती? राहता कुठे? ब्री कापून ठेवली होती की अख्खी? पाकळ्या कशाच्या?

झिपरी: कापूनच ना, नाहीतर खाणार कसं? पाकळ्या गौडा चीजच्या. १२ जण. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टला राहते, हे लिहिलं नव्हतं का?

भुसावळची_केळी: नव्हतं. एवढा खटाटोप कशाला? कोबीचा गड्डा घ्या, टूथपिकला चीज क्यूब, अननस आणि चेरी लावून टोचा. आमच्याकडे प्रत्येक वाढदिवसाला हेच असायचं. कधी काही वितळलं नाही.

खादाड_बोका: केळीताई, त्यांना रांगोळी हवीय, साळिंदर नाही.

मुरलेली_फोड: ब्री कापली की आतला गर वाहणारच. अख्खी ठेवा, पाहुणे बसल्यावर एकच फोड काढा. साल तिला धरून ठेवते. पाकळ्यांना 'बेलेखन' गौडा घ्या, म्हणजे साधारण चार महिने मुरलेला. 'औदे' म्हणजे जुना घेतलात तर कापताना भुगा होतो, त्याचे ओबडधोबड तुकडेच छान दिसतात. चीज थंड असतानाच कापा, मग अर्धा-पाऊण तास बाहेर. मांडताना आधी वाट्या (चटणी, मध), मग चीज, मग फळं. द्राक्षं धुऊन अगदी कोरडी पुसा. क्रॅकर्स सगळ्यात शेवटी आणि द्राक्षांपासून लांब. फराळ आहे तर माणशी ५० ग्रॅम चीज पुष्कळ, म्हणजे ६०० ग्रॅम. मी पहिल्यांदा दोन किलो आणलं होतं, पुढचा आठवडाभर डब्यात सँडविच.

सात्त्विक_ढेकर: रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध गोठवायला घालतात ते, पाहिलंत का? बऱ्याच चीजमध्ये वासराच्या जठरातलं असतं. पार्मिजानो रेज्जानो हे इटालियन चीज तर त्याशिवाय बनतच नाही. शाकाहारी पाहुणे असतील तर आधी सांगायला हवं.

भुसावळची_केळी: एवढं बघत बसलं तर माणसाने खायचं काय?

सात्त्विक_ढेकर: चकली.

मुरलेली_फोड: ढेकरकाका बरोबर बोलतायत. डचमध्ये रेनेटला 'स्ट्रेमसेल' म्हणतात. पाकिटावर 'मिक्रोबिएल स्ट्रेमसेल' (सूक्ष्मजीवांपासून केलेलं) शोधा, ते चालतं. नुसतं 'स्ट्रेमसेल' असेल तर दुकानात विचारून घ्या.

झिपरी: बापरे! १२ पैकी ५ शाकाहारी, त्यात सासूबाई. हे सांगायचं राहिलंच. आत्ता फ्रिज उघडून बघितलं, ब्रीवर नुसतं 'स्ट्रेमसेल' आहे.

दूध_नासलं: घरी पनीर करा. दोन लिटर दूध उकळा, लिंबू पिळा, फडक्यात बांधून वर पाट्याचं वजन ठेवा.

खादाड_बोका: हे कुणी विचारलं होतं?

मुरलेली_फोड: सासूबाईंसाठी लायडनचं जिरं घातलेलं चीज बघा, स्ट्रेमसेल तपासून. आमच्या आई पहिला तुकडा खाऊन म्हणाल्या होत्या, "फोडणी घातली आहे की काय यात?" नंतर अर्धा तुकडा त्यांनीच संपवला. फक्त शाकाहारी मंडळींच्या चीजला वेगळी पाटी आणि वेगळी सुरी ठेवा.

झिपरी: ठरलं, दोन पाट्या! ब्री मोठ्या पाटीवर, अख्खी. सासूबाईंच्या पाटीवर मधोमध पणती ठेवते. पेटवली तर चालेल ना?

मुरलेली_फोड: चीज वितळवायचंय का परत?

भुसावळची_केळी: झिपरी, उट्रेख्टला भाजणी कुठे मिळते गं? भाचीला हवीय.

खादाड_बोका: धाग्याचं काम झालं म्हणायचं.

दूध_नासलं: लिंबाऐवजी व्हिनेगरही चालतं.