साल्विया आणि दक्षिणेची गॅलरी

दक्षिणेच्या गॅलरीत साल्विया या फुलझाडाला वर्षभर ऊन मिळतं असं म्हणतात, ते हिवाळ्यापुरतं अगदी खरं. डिसेंबरात माझ्याकडे ऊन पार हॉलच्या लादीपर्यंत येतं आणि लाल तुरे नुसते पेटलेले दिसतात. पण मुंबईत मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैअखेर सूर्य दुपारी थेट डोक्यावर असतो, जूनमध्ये तर किंचित उत्तरेला. तेव्हा वरच्या मजल्याचा स्लॅब सगळं ऊन अडवतो. माझ्या झाडाचे दांडे लांबुळके होऊन ग्रिलकडे वाकले, तुऱ्याला जेमतेम चार फुलं.

आता एप्रिलपासून कुंडी पूर्वेच्या खिडकीत नेते. अकरापर्यंतचं कोवळं ऊन पुरतं, दुपारच्या झळाही चुकतात. पावसाळ्यात मात्र उजेडापेक्षा कुंडीतलं पाणी निथळणं जास्त सांभाळा, मुळं फार लवकर कुजतात.