मदत हवी आहे: टॉक्सापेक्स मरत नाही, पण मॅच मीच हरतो

तर्रीबाज:

नमस्कार मंडळी. वय ३४, घरी ईएमआय, आणि धागा पोकेमॉनचा. हसून घ्या, मग वाचा.

भाचा सुट्टीत नागपूरला आलाय. दुपारी पारा ४५ च्या आसपास, बाहेर पाय ठेवायची सोय नाही. म्हणून कूलरसमोर बसून आम्ही दोघं पोकेमॉन शोडाउन या लढतींच्या साइटवर खेळून राहिलो. ब्राउझरमध्ये फुकट चालतं, वेगळं मशीन घ्यावं लागत नाही. नववी पिढी (गेमचा नववा संच), सिंगल्स (मैदानात एकास एक), सहा विरुद्ध सहा. जो हरेल त्यानं दोन वाजताच्या उन्हात चौकातून बर्फ आणायचा. आतापर्यंत ११ पैकी ९ वेळा मी गेलो. बर्फवाला आता विचारतो, "घरी कार्यक्रम आहे का भाऊ?"

मला मुळात भिंत घालून खेळायला आवडतं, म्हणून टॉक्सापेक्स हा विषारी, पाण्यातला पोकेमॉन घेतला. डिफेन्स १५२, स्पेशल डिफेन्स १४२, यापेक्षा काय पाहिजे? सेट (चार चाली) असा: टॉक्सिक (विष चढवतो), रिकव्हर (एचपी, म्हणजे जीव, भरतो), बेनफुल बंकर (त्या टर्नला मार अडवतो), सर्फ (पाण्याचा मार). हातात ब्लॅक स्लज (दर टर्नला थोडा एचपी भरणारी वस्तू). ईव्ही (आपण वाटायचे वाढीव गुण) एचपीत २५२, उरलेले दोन्ही डिफेन्समध्ये १२८-१२८. पठ्ठ्या शेवटपर्यंत उभा राहतो, पण बाकीचे पाच कधी मेले ते कळतच नाही. काऊन होऊन राहिलं असं?

गप्पबसा:

मामा, बर्फ आणताना टोपी घालत जा.

अंबाझरीचामासा:

नुसत्या सेटवरून काही सांगता येणार नाही. हरलेल्या एका मॅचचा रिप्ले उघडा आणि पेक्स मैदानात असताना समोरच्यानं काय केलं ते टर्न धरून लिहा. तुम्ही काय केलं ते नको, त्यानं काय केलं ते.

तर्रीबाज:

कालची मॅच. समोर भाच्याचा टिंग-लू (ग्राउंड जातीचा पोकेमॉन), माझा पेक्स.
मी टॉक्सिक, त्यानं स्पाइक्स (आत येणाऱ्याला टोचणारे खिळे).
मी बंकर, त्यानं पुन्हा स्पाइक्स.
मी रिकव्हर (गरज नव्हती, पण दुसरं काय करू?), त्यानं तिसऱ्यांदा स्पाइक्स.
मी सर्फ, त्यानं स्टेल्थ रॉक (तसेच टोचणारे दगड).
मग त्यानं गोल्डेंगो आणला. मी सर्फ मारला, त्यानं नॅस्टी प्लॉट केला. मी रिकव्हर केलं, त्यानं थंडरबोल्ट मारला. पुढचं लिहवत नाही.

अंबाझरीचामासा:

आता तुम्हीच वाचा वर. चार टर्न तुम्ही त्याला फुकट दिले. पेक्सला मार बसत नव्हता, कारण तो मारतच नव्हता. अंगण सारवून घेत होता. पेक्सचा स्पेशल अटॅक आहे ५३, त्याच्या सर्फला कोण भिणार? आणि गोल्डेंगोसमोर तर तो नुसता पाहुणा. स्टील असल्यामुळं विष चढत नाही, वरून गुड ॲज गोल्ड ही ॲबिलिटी (अंगचा गुण), म्हणजे त्याच्यावर टाकलेली स्टेटस मूव्ह (थेट मार न देणारी चाल) वायाच. अशा वेळी बसून रिकव्हर दाबणं म्हणजे त्याला नॅस्टी प्लॉटचं आमंत्रण. एका दमात स्पेशल अटॅक दुप्पट.

तुम्ही ॲबिलिटी लिहिलीच नाही. रीजनरेटर आहे ना? मग खरी गंमत बाहेर जाण्यात आहे. पेक्स परत बोलावला की कमाल एचपीच्या एक तृतीयांश भरून येतो. तुमच्या ईव्हीवर एचपी ३०४ होतो, म्हणजे दर वेळी १०१ फुकट. टर्न वाया नाही, पीपी (चाल किती वेळा वापरता येते तो आकडा) खर्च नाही. टॉन्ट (स्टेटस मूव्ह बंद करणारी चाल) लागला तरी चालतो, आणि बाहेर पडला की टॉन्टही सुटतो. रिकव्हरचे पीपी नवव्या पिढीत १० वरून ५ केलेत, वाढवूनही ८ च. तो अडीनडीला ठेवा.

खो-खो खेळले असाल शाळेत. पेक्स धावणारा गडी आहे, खो द्यायला शिका.

कोथरूडकर:

वरच्याशी सहमत, पण खो द्यायचा कुणाला? रीजनरेटरच्या भरवशावर आत-बाहेर करणाऱ्याला तीन थर स्पाइक्स मारून टाकतात. हिशेब करा. तीन थरांचे आत येताना पाव एचपी, म्हणजे ७६. स्टेल्थ रॉकचे एक अष्टमांश, ३८. एकूण ११४ गेले, बाहेर जाताना आले १०१. प्रत्येक फेरीला तोटा! भाच्यानं हे जाणून केलं असेल तर पोरगा हुशार आहे. नुसत्या रॉकवर मात्र तुम्ही ६३ नं फायद्यात राहता.

म्हणून ब्लॅक स्लज काढा, हेवी-ड्यूटी बूट्स (स्पाइक्स-रॉक लागू न देणारे) घाला. बंकर काढून हेझ घ्या, म्हणजे समोरच्यानं वाढवलेले आकडे पुसता येतील.

आणि जोडीला दोघं: कॉर्विनाइट (स्टील-फ्लाइंग) आणि क्लोडसायर (पॉयझन-ग्राउंड). पेक्सला भीती इलेक्ट्रिक, सायकिक, ग्राउंड या जातींच्या माराची. ग्राउंड कॉर्विनाइटला लागतच नाही, सायकिक अर्धं लागतं. कॉर्विनाइटला भीती फायर आणि इलेक्ट्रिकची. फायर पेक्स झेलतो, इलेक्ट्रिक क्लोडसायरला शून्य. क्लोडसायरला वॉटर, आइस, ग्राउंड, सायकिक जड जातात. पहिली दोन पेक्सकडं, उरलेली दोन कॉर्विनाइटकडं. टिंग-लू दिसला की थेट कॉर्विनाइट. उडणारा असल्यामुळं स्पाइक्स लागत नाहीत, अर्थक्वेक (ग्राउंडचा मार) लागत नाही, आणि त्याचा बॉडी प्रेस (फायटिंगचा मार) टिंग-लूला दुप्पट बसतो. मग बघू किती थर घालतो ते.

गोल्डेंगोला क्लोडसायर, ॲबिलिटी अनअवेअर. नॅस्टी प्लॉट केला काय, नाही केला काय, क्लोडसायरच्या लेखी सारखंच. अर्थक्वेक दुप्पट. फक्त त्याच्या हातात एअर बलून (ग्राउंडचा मार चुकवणारा फुगा) नाही ना ते बघा. असला तर आधी कुठल्याही माराने फोडा.

ईव्ही अर्धे-अर्धे ही मात्र चूक. २५२ एचपी, २५२ डिफेन्स, नेचर बोल्ड (डिफेन्स वाढवणारा स्वभाव).

अंबाझरीचामासा:

ईव्हीवर असहमत. अर्धे-अर्धे वाटणं पाप नाही, अंदाजानं वाटणं पाप. डॅमेज कॅल्क्युलेटर उघडा, भाच्याच्या टीममधला जो पेक्सनंच अडवायचा आहे त्याचा मार टाका, दोन मार झेलून तिसऱ्याला जागा उरेल एवढे डिफेन्समध्ये घाला, उरलेले दुसरीकडं. पण नवशिक्यानं कोथरूडकरांचं ऐकायला हरकत नाही.

गप्पबसा:

एवढा अभ्यास केला असता तर मी आज सीए असतो.

तर्रीबाज:

काल रात्री सगळं बदलून बसलो, आज दुपारी दोन मॅच झाल्या.

पहिली जिंकलो. टिंग-लू आला तसा मी कॉर्विनाइट काढला, तर पोरगा म्हणतो, "मामा, हे तुम्हाला कोणी शिकवलं?" पेक्स पूर्ण मॅचमध्ये सात वेळा आत-बाहेर झाला, रिकव्हर एकदाच दाबलं. बर्फ त्यानं आणला. ताईनं मला रागावलं, ते वेगळं.

दुसरी हरलो. ग्रेट टस्क आणून त्यानं पेक्सवर नॉक ऑफ मारला. बूट्स गेले. मग तेच तीन थर, तेच रॉक, आणि माझा तोच ११४ विरुद्ध १०१ चा हिशेब. कॉर्विनाइटनं डिफॉग (स्पाइक्स-रॉक साफ करणारी चाल) करावं म्हटलं तर समोर गोल्डेंगो, डिफॉगही वाया. आता याचं काय करावं?

कोथरूडकर:

ग्रेट टस्कसमोर पेक्स उभा का होता? ग्राउंडचा आहे तो, नॉक ऑफऐवजी दोन अर्थक्वेक आले असते तर बूट्सचं दुःख करायलाही उरला नसता. नॉक ऑफ कॉर्विनाइटनं खायचा, त्याचं सामान गेलं तरी स्पाइक्स त्याला लागत नाहीत. आणि डिफॉग गोल्डेंगो समोर असताना नाही, टिंग-लू समोर असताना.

तर्रीबाज:

हे पटलं. उद्या दोन वाजता सांगतो. सध्या मीच चाललो, पिशवी कुठं ठेवली कोण जाणे.