मदत हवी आहे : एमएसमधला पायांचा ताठरपणा, बॅक्लोफेन आणि झोप

नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार) आहे, आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. मूळ आजाराचं इंजेक्शन व्यवस्थित चालू आहे, प्रश्न आहे तो लक्षणांवरच्या गोळ्यांचा.

पाय ताठ होतात म्हणून बॅक्लोफेन १० मिग्रॅ दिवसातून तीनदा आहे. रात्रीचे पेटके थांबले, पण दुपारच्या गोळीनंतर ती पेंगते आणि पाय इतके ढिले पडतात की उभं राहणंच अवघड. थोडा ताठरपणा तिला उभं राहायला उपयोगी पडत होता, हे आता कळतंय! गोळी एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, त्यामुळे आपल्या मनाने काही करणार नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांशी बोलायचंच आहे. कोणाला दुपारचा डोस कमी करून किंवा टिझानिडीनवर (ताठरपणावरचंच दुसरं औषध) जाऊन फरक पडला का?

दुसरं, लघवीच्या घाईसाठी ऑक्सिब्युटिनिन आहे. त्याने तोंड कोरडं पडतं आणि घामही कमी येतो. उकाड्यात एमएसची लक्षणं आधीच वाढतात, त्यात नाशिकचा एप्रिल-मे. (पूर्वीचं थंड नाशिक आता गप्पांतच.) उन्हाळ्यात तुम्ही काय करता?

चालण्यासाठी फॅम्प्रिडीनही सुचवलंय. १० मिग्रॅ, बारा तासांच्या अंतराने, न तोडता गिळायची. ही गोळी देण्याआधी फिट्स आणि किडनीचं बघावं लागतं; तिला फिट्स कधी आलेल्या नाहीत, किडनीची तपासणी व्हायची आहे. गोळे कॉलनीतल्या औषधांच्या बाजारात ही गोळी नियमित मिळते का, की मुंबईहून मागवावी लागते? आणि घरी येणारे, एमएसचे पेशंट हाताळलेले फिजिओथेरपिस्ट माहीत असतील तर कृपया मेसेज करा.