लघुपटाला कथनशास्त्र लावायचंच कशाला?

धागाकर्ती: शॉर्ट फिल्मसोबत फिल्म शिकणाऱ्या मुलांना कथनशास्त्रावर, म्हणजे गोष्ट कशी रचली आणि सांगितली जाते यावर, अहवाल द्यावा लागतो. उघडला की तेच: आमचा नायक, आमचा खलनायक, आमचा मदतनीस. रशियन लोककथा-अभ्यासक प्रॉपने १९२८ साली पात्रांची ३१ कार्यं, म्हणजे गोष्ट पुढे नेणाऱ्या ठरावीक कृती, मांडली ती रशियन परीकथांवरून. पाच मिनिटांच्या अबोल्यात खलनायक कुठून आणायचा?

परवा पाहिलेल्या फिल्ममध्ये मुलगी पत्राचं बंद पाकीट घेऊन दारात येते, आत भाऊ जेवतोय, ती पाकीट पाठीमागे धरते. काय सुंदर जागा! अहवालात त्या जागेबद्दल अवाक्षर नाही, कारण ती प्रॉपच्या तक्त्यात बसत नाही. माझं मत: आधी फिल्म करू द्या, सिद्धांत नंतर.

प्रतिसाद १: साफ असहमत. तुम्ही चुकीच्या हत्याराचा राग सगळ्या शास्त्रावर काढताय. त्याच पाकिटाला फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ लावा. १९७० मध्ये त्याने गोष्टीतून अर्थ उभा करणारे पाच संकेत (कोड) मांडले, त्यातला एक कोड्याचा: गोष्ट प्रश्न टाकते आणि उत्तर लांबवते. पुढच्याच शॉटमध्ये पत्र वाचून दाखवलं, तर प्रेक्षक पुढे कशासाठी थांबेल?

प्रतिसाद २: 'पत्र नंतर दाखव' हे कुठलाही बरा एडिटर बार्थ न वाचता सांगतो.

प्रतिसाद १: सांगतो, पण नंतरच का? कधीकधी आधी दाखवणंच बरोबर असतं. फ्रेंच कथनशास्त्रज्ञ जेनेत इथे उपयोगी पडतो: गोष्ट कोणाच्या नजरेतून दिसते, आणि त्या नजरेला माहीत किती? मजकूर आपल्याला ठाऊक आणि भावाला नाही, तर त्याचा प्रत्येक घास जड होतो. फक्त मुलीलाच ठाऊक असेल, तर आपण तिचा चेहरा वाचत बसतो. पत्राचा क्लोजअप ठेवायचा की कापायचा, ते यावर ठरतं. हा प्रश्न पटकथा लिहितानाच पडायला हवा, शूटिंग उरकल्यावर नाही.

धागाकर्ती: क्लोजअपचं पटलं. पण गुण कशाला मिळतात? जेनेतचं नाव घेतलं की मिळतात. ज्याने विचार करून क्लोजअप कापला आणि नाव घेतलं नाही, तो मागे पडतो. हे बदलत नाही तोवर माझा विरोध कायम.

प्रतिसाद ३: मग अहवालातला प्रश्नच बदला. कथनशास्त्रज्ञ तोदोरोवचे गोष्टीचे तीन टप्पे घ्या: संतुलन, बिघाड, नवं संतुलन. पाच मिनिटांत बरेच जण थेट बिघाडातच सुरुवात करतात, काही नव्या संतुलनाआधीच थांबतात. 'तीन टप्पे दाखवा' याऐवजी 'कोणता गाळलात आणि का' एवढंच विचारा. पाकीटवाल्या मुलांकडे लिहायला भरपूर असेल.