एनएफएल ड्राफ्ट : आकलन चाचणीच्या गुणांवर किती विसंबावे?

निशाचर_दर्शक

पुण्यात बसून रविवारच्या रात्री जागवत मी अमेरिकन फुटबॉल पाहतो, आणि सामन्यांइतकाच मला एनएफएल या व्यावसायिक लीगचा एप्रिलमधील ड्राफ्ट, म्हणजे संघांनी महाविद्यालयीन खेळाडूंची क्रमाक्रमाने करायची निवड, रंजक वाटतो. माझा प्रश्न २०२३ च्या ड्राफ्टविषयी आहे. त्या वर्षी कॅरोलायना पँथर्सने शिकागो बेअर्सला डी. जे. मूर हा खेळाडू आणि वेगवेगळ्या वर्षांतील चार निवडी (म्हणजे ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडण्याचे हक्क) देऊन पहिला क्रमांक पदरात पाडून घेतला आणि ब्राइस यंग या क्वार्टरबॅकची, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या खेळाडूची, निवड केली. दुसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टन टेक्सन्सने सी. जे. स्ट्राउडला घेतले. ड्राफ्टच्या आधी ‘एस-टू कॉग्निशन’ या आकलन चाचणीचे गुण माध्यमांत फुटले होते, आणि त्या वृत्तांनुसार यंगचे पर्सेंटाइल ९८, तर स्ट्राउडचे अवघे १८ होते. त्यानंतर कित्येक दिवस स्ट्राउडच्या निर्णयक्षमतेवर शंका घेणारे लेख येत राहिले.

प्रत्यक्षात स्ट्राउडने पहिल्याच हंगामात ४,१०८ यार्डांची फेक केली, २३ टचडाउन मिळवून दिले, केवळ ५ चेंडू प्रतिपक्षाच्या हाती जाऊ दिले आणि आक्रमणातील सर्वोत्तम नवोदिताचा किताब पटकावला. यंगच्या संघाने त्याच हंगामात १७ पैकी २ सामने जिंकले. एवढे पाहिल्यावर या चाचण्या म्हणजे निव्वळ बाजार आहे असे म्हणावे, की त्यांत काही तथ्य आहे? तथ्य नसेल, तर एवढे व्यावसायिक संघ त्यांच्यामागे का लागतात? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

संख्याव्रती

निशाचरजी, दोन खेळाडूंच्या नशिबावरून चाचणीचा निकाल लावणे बरोबर नाही. मात्र आपली शंका रास्त आहे, आणि तिला या जोडीहून भक्कम आधार उपलब्ध आहे.

एस-टूच्या आधी जवळजवळ अर्धे शतक या क्षेत्रात वंडरलिक चाचणीचे राज्य होते. बारा मिनिटे, पन्नास प्रश्न. समानार्थी-विरुद्धार्थी शब्द, अंकमालिका, किमतीचे हिशेब असे साधारण स्वरूप. एल्डन वंडरलिक यांनी १९३० च्या दशकात ती कारखान्यांतील आणि कचेऱ्यांतील भरतीसाठी तयार केली, आणि फुटबॉलमध्ये ती रुजवण्याचे श्रेय सहसा डॅलस काउबॉयजचे प्रशिक्षक टॉम लँड्री यांना दिले जाते. सर्वसाधारण माणसाला यात वीसच्या आसपास गुण पडतात. पन्नासपैकी पन्नास मिळवणारा म्हणून हार्वर्डच्या पॅट मॅकइनॅलीचे नाव नेहमी घेतले जाते, आणि तो पुढे सिनसिनाटी बेंगल्सकडून मुख्यतः पंटर, म्हणजे चेंडू लाथेने दूर धाडणारा खेळाडू, म्हणून खेळला. उलट डॅन मरीनोचे गुण पंधराच्या घरात होते असे सांगतात, आणि तो इतिहासातील थोर क्वार्टरबॅकांत गणला जातो. असे किस्से दोन्ही बाजूंनी हवे तेवढे सापडतात, म्हणून त्यांत फार रमू नये.

महत्त्वाचे आहेत ते अभ्यास. २००९ साली लायन्स, हॉफमन आणि मिशेल यांनी तीन ड्राफ्टमधील ७६२ खेळाडूंचे गुण त्यांच्या पुढील कामगिरीशी ताडून पाहिले, तेव्हा दोहोंत जवळपास काहीच संबंध आढळला नाही. टाइट एंड (अडवणूक आणि झेल दोन्ही करणारे आक्रमक खेळाडू) आणि बचावफळीच्या मागच्या रांगेतील खेळाडूंच्या बाबतीत तर संबंध उलटा निघाला. २०११ मध्ये बेरी आणि सिमन्स या अर्थशास्त्रज्ञांनी क्वार्टरबॅकांपुरता अभ्यास केला, आणि वंडरलिकच्या गुणांचा ड्राफ्टमधील क्रमांकावर परिणाम होतो, पण मैदानावरील कामगिरीशी त्यांचा मेळ बसत नाही, असे त्यांना दिसले. म्हणजे संघ या गुणांना किंमत देत होते आणि त्या किमतीच्या बदल्यात त्यांच्या हाती फारसे काही पडत नव्हते.

आता एक सावधगिरीचा मुद्दा, जो अशा चर्चांत हमखास सुटतो. संबंध आढळला नाही याचा अर्थ बुद्धीला या खेळात स्थान नाही असा होत नाही. ड्राफ्टपर्यंत पोहोचलेला प्रत्येक जण शाळा, महाविद्यालय, प्रशिक्षक अशा अनेक चाळण्यांतून आलेला असतो, आणि ज्याचे गुण कमी असूनही तो इथवर आला, त्याच्या हातात, पायांत किंवा नजरेत काही असामान्य असल्याखेरीज तो आला नसता. अशा निवडलेल्या गटात गुण आणि कामगिरी यांचा संबंध पुसट होणारच. एनबीएतील खेळाडूंची उंची आणि त्यांनी मिळवलेले गुण यांचा संबंध शोधायला गेलात, तर तोही फारसा सापडणार नाही, पण म्हणून बास्केटबॉलमध्ये उंचीला महत्त्व नाही असे कोणी म्हणणार नाही. संघाला निवड मात्र त्याच चाळलेल्या गटातून करायची असते, आणि तिथे या गुणांचा उपयोग अत्यल्प आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

ह्यूस्टनकर

मी टेक्सन्सचा चाहता असल्यामुळे माझे मत पूर्ण निःपक्ष आहे असा दावा करणार नाही. तरीही संख्याव्रतींनी वंडरलिक आणि एस-टू यांना नकळत एकाच पारड्यात घातले आहे, ते मला मान्य नाही.

क्वार्टरबॅकला खरोखर काय करावे लागते ते पाहा. एक चाल संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत चाळीस सेकंद मिळतात. शिरस्त्राणातील रेडिओवर पुढची चाल कोणती याचा प्रशिक्षकाचा आदेश येतो आणि घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो. मग समोरच्या अकरा जणांची मांडणी वाचायची, गरज पडल्यास आदेश बदलायचा, आणि चेंडू हातात आल्यावर साधारण अडीच-तीन सेकंदांत कोण मोकळा आहे हे हेरून फेक करायची, तेही अंगावर धावून येणाऱ्या आडदांड माणसांच्या गर्दीत. यातील आदेश पाठ असण्याचा भाग शब्द-आकड्यांच्या परीक्षेत कदाचित थोडा उमटेल. शेवटचे तीन सेकंद तिच्यात कधीच उमटणार नाहीत.

नॅशव्हिलची एस-टू कंपनी नेमके हेच तीन सेकंद मोजू पाहते. एकाच वेळी हलणाऱ्या अनेक वस्तूंवर नजर ठेवणे, क्षणभर दिसलेले चित्र टिपणे, सुरू झालेली हालचाल आयत्या वेळी रोखणे, न सांगितलेल्या नियमाचा अंदाज बांधणे अशा गोष्टी संगणकावर मिलिसेकंदांत मोजल्या जातात. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये २६२ व्या, म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या ब्रॉक पर्डीचे गुण यात उत्तम होते असे वृत्त आहे, आणि त्याने सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत नेले. तेव्हा कल्पना चुकीची नाही. स्ट्राउडच्या बाबतीत मात्र कंपनीने गुण अधिकृतपणे जाहीर केलेले नव्हते, आणि ज्यांनी त्याला ओहायो स्टेटकडून जॉर्जियाविरुद्ध खेळताना पाहिले होते, त्यांना त्याची नजर तपासण्यासाठी संगणकाची गरज नव्हती.

जाता जाता आणखी एक. पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी गुण नव्हेत, तर किती टक्के परीक्षार्थी आपल्या मागे आहेत तो आकडा, हे सीईटीच्या निकालामुळे आपल्याकडच्या पालकांना पुरते ठाऊक आहे, परंतु अमेरिकेतील निम्म्या समालोचकांनी तो १८ आकडा नापास झाल्याच्या सुरात वाचला.

मानसी_औद्योगिक

मी भरतीच्या चाचण्यांच्या क्षेत्रात काम करते, म्हणून वर न आलेली एक बाजू मांडते. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात निकाल दिला. त्या वीज कंपनीने बढतीसाठी आणि बदलीसाठी लावलेल्या चाचण्यांत हीच वंडरलिक होती. चाचणीमुळे कृष्णवर्णीय कामगार मोठ्या संख्येने गळत असतील आणि तिचा कामाशी संबंध दाखवता येत नसेल, तर ती वापरता येणार नाही, मग हेतू कितीही निर्मळ असो, असे न्यायालयाने एकमुखाने सांगितले. ज्या लीगमध्ये बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत, तिने कामगिरीशी संबंध न दिसणारी तीच चाचणी पुढे अनेक दशके कवटाळून बसावे, ही गोष्ट मला क्रीडेतील कुतूहलापेक्षा गंभीर वाटते. अखेर २०२२ च्या जानेवारीत लीगने इंडियानापोलिसच्या कम्बाइनमधून, म्हणजे ड्राफ्टपूर्वीच्या एकत्रित चाचणी-शिबिरातून, वंडरलिक काढून टाकली, आणि त्याच पत्रकात मुलाखतीत खेळाडूशी अवमानकारक वर्तन करणाऱ्या संघाला किमान दीड लाख डॉलर दंड आणि निवड गमावण्याची तंबीही दिली.

गुण फुटण्याविषयी तर बोलायलाच हवे. २०१२ मध्ये मॉरिस क्लेबोर्नचे गुण चार असल्याचे बाहेर आले, आणि त्याने नंतर सांगितले की प्रश्नांचा फुटबॉलशी संबंध दिसला नाही म्हणून त्याने चाचणी गांभीर्याने सोडवलीच नव्हती. माझ्या व्यवसायात उमेदवाराचे गुण त्याच्या नावानिशी वर्तमानपत्रात आले असते, तर संबंधितांची नोकरी गेली असती. ज्या चाचणीत उमेदवार मन लावून बसेल याची खात्री नाही आणि गुण गुप्त राहतील याचीही नाही, तिचे शास्त्र कितीही चांगले असले तरी मोजमाप विश्वासार्ह राहत नाही. ह्यूस्टनकरांच्या एस-टूलाही हा आक्षेप तितकाच लागू आहे.

निशाचर_दर्शक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न राहतो. समजा मी संघाचा व्यवस्थापक आहे आणि माझ्यासमोर असा गुणांचा कागद आलाच, तर तो फाडून टाकावा का?

संख्याव्रती

फाडू नका, पण ड्राफ्टच्या खोलीत नेऊ नका. मानसीताईंचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि एस-टू वंडरलिकपेक्षा खेळाच्या जवळची आहे हे ह्यूस्टनकरांचे म्हणणेही मी मान्य करतो. मात्र जवळची असणे वेगळे आणि निवडीत भर घालणारी असणे वेगळे. महाविद्यालयातील शेकडो फेकींचे चित्रीकरण हाती असताना चाचणी त्याउपर काही सांगते का, हे पाहायला दहा-पंधरा वर्षांचे, सर्व खेळाडूंचे, न फुटलेले गुण लागतील. तोवर तो कागद निवडीनंतर क्वार्टरबॅकच्या प्रशिक्षकाकडे द्यावा. नवा मुलगा फळ्यावर समजावल्यावर लवकर शिकतो की सरावात हजारदा करून, एकाच वेळी किती बदल त्याच्यावर लादावेत, पहिल्या वर्षी आदेशांची वही किती जाड ठेवावी, हे ठरवताना त्यातले काही उपयोगी पडू शकेल, आणि चुकले तरी पुढच्या आठवड्यात सराव बदलता येतो. चार निवडी आणि डी. जे. मूर परत मागता येत नाहीत.